आबांसाठी हलका बाजा

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.१०

दुरुस्ती. शुक्रवारच्या नोंदीत आबांच्या बाज्याचं वजन साडेअठरा किलो लिहिलं आहे. ते चूक आहे. खरं वजन चौदा किलो.

चूक अशी झाली. डेंट काढायला नेते असं आबांना सांगून मी बाजा रिक्षात घातला आणि मी नोकरी करते त्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नेला. तिथे छोट्या काट्यावर बाजा घेऊन उभी राहिले. पासष्ट भरले. त्यातून माझं वजन वजा केलं. माझं वजन साडेशेहेचाळीस धरलं होतं, ते बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं. काल नुसती उभी राहिले तर एक्कावन्न निघालं. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्यांची वजनं करते मी. रिकाम्या गाडीचं जुनं वजन चालत नाही, आत्ताचं करा, असं लोकांना ऐकवते. लाज वाटली.

पण निष्कर्ष तोच. बाजा जड आहे.

आबा मला लहानपणी सांगायचे, लिहायचं तर असं लिही की परक्या माणसालेही समजलं पाह्यजे. (बालवाडीच्या बाई प्रार्थना बेसूर म्हणायच्या, म्हणून आबांनी मला पहिलीपर्यंत घरीच शिकवलं. मला बाराखडीच्या आधी सरगम आली. त्यामुळे माझा कान पक्का आहे.) तर पहिल्यापासून लिहिते.

आबा, म्हणजे माझे वडील निवृत्ती. वय सदुसष्ट. आमच्या घरच्या बँडमध्ये बेचाळीस वर्षं मोठा बाजा वाजवतात. आधी काका बँड चालवायचे, आता त्यांचा मुलगा राजकुमारदादा चालवतो. पावतीवर ह्या बाज्याला टुबा म्हणतात. पितळेचा, पोटाशी धरायचा, तोंड परातीएवढं. वरातीत सगळ्या आवाजांच्या खाली जे घुमत असतं ते हेच.

गुरुवारी दसऱ्याला वाद्यांच्या पूजेसाठी बँडच्या दुकानात गेलो होतो. भिंतीवर नवीन ड्रेसच्या मापांची यादी लावली होती. दरवर्षी अठरा नावं असतात. यंदा सतरा. आबांचं नाव नाही. तीनदा वाचली. राजकुमारदादा शेजारीच पेढे वाटत होता. त्याला विचारता आलं असतं, पण सणाच्या दिवशी वाद नको. आणि विचारायचं काय? उघड आहे. आबा म्हातारे झाले, बाजा जड आहे, चालताना मागे पडतात, म्हणून त्यांना वगळलं. आबांना काहीच माहीत नाही. ते बाज्याला हळदकुंकू लावून हसत उभे होते.

ठरवलं:
आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही.
लग्नाचे दिवस सुरू व्हायच्या आत त्यांच्यासाठी लहान, हलका बाजा आणायचा. मग राजकुमारदादाला कारणच उरणार नाही.
काळजी करायची नाही. फक्त मोजायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आबांवर लक्ष ठेवलं. सकाळी ते देवळात गेले, मी पन्नास पावलं मागे. जाताना पुलाच्या कठड्यावर बसले. येताना पानटपरीपाशी छातीवर हात ठेवून उभे राहिले. दोन मिनिटं दहा सेकंद. हातात फुलाच्या पुडीशिवाय काही नव्हतं. पण बेचाळीस वर्षांचं ओझं खांद्यात मुरत असणारच. खांदाच आहे तो.

घरी आल्यावर म्हणाले की पुष्पे, माह्या मांगं मांगं काऊन येत होती? सोबत आली असती तं गोष्टी करत गेलो असतो.

मी म्हटलं, मी सहज निघाले होते. हे खोटं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तुह्या बापाले विचार ना वं सरळ.

आईला अशा गोष्टींतलं नाजूकपण कळत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सायंकाळी ७

प्रयोग. पिशवीत चौदा किलो ज्वारी भरली. पोटाशी धरली, बाजा धरतात तशी. घरापासून स्टेशनपर्यंत वरातीच्या चालीने जायचं आणि यायचं: दोन पावलं पुढे, थांबा, जागेवर दोन पावलं.

तिसऱ्या गल्लीत शेजारच्या वच्छलाबाई भेटल्या. म्हणाल्या, काऊन वं, चक्की तं मांगंच रायली. मी म्हटलं, माहीत आहे. त्या म्हणाल्या, मंग अशी थांबून थांबून काऊन चालून राह्यली, पायाले काही झालं काय? मी म्हटलं, नाही. त्या पार वळणापर्यंत माझ्यासोबत आल्या. मी थांबले की थांबायच्या.

स्टेशन गाठता आलं नाही. औषधाच्या दुकानापासून परत.

अर्ध्या तासाने सात किलो घेऊन निघाले. स्टेशनपर्यंत जाऊन आले. सिद्ध झालं. सदुसष्टाव्या वर्षी सात किलो योग्य.

(खांदा सुजला आहे. उद्या अर्ध्या दिवसाची रजा. आबांना किती त्रास होत असेल याचा यावरून अंदाज आला.)

१२ ऑक्टोबर, रविवार

फकीर मोहम्मद चाचांकडे गेले. जिल्ह्यातल्या कुठल्याही बँडचं पितळ चेपलं, गळायला लागलं की यांच्याकडेच येतं. आबांचा बाजा त्यांनी अकरा वेळा झाळला आहे. त्यांना शपथ घातली की आबांना सांगायचं नाही. ते म्हणाले, बेटी, निवृत्तीभाऊसाठी पाह्यते ना? मंग त्याहिलेच घेऊन ये. तोंडाले लावल्याशिवाय बाजा घेत नसतात.

मी म्हटलं, सरप्राइज आहे.

तीन वाद्यं दाखवली.

एक इफोनियम. चार किलो. दिसायला आबांच्या बाज्याचं पिल्लू. ते आबांच्या हातात दिलं तर पूर्ण गल्ली हसेल. रद्द.

दुसरा पांढरा फायबरचा, अंगात घालायचा. नऊ किलो. वाजतो बरा, पण छतावरच्या टाकीच्या पाइपात माणूस अडकल्यासारखा दिसतो.

तिसरा लहान टुबा, अस्सल पितळेचा. एका बंद पडलेल्या बँडचा. सात किलो दोनशे. मी स्वतः काट्यावर ठेवला. यावेळी माझं वजन मध्ये आणलं नाही.

चाचांनी तिसऱ्याबद्दल सात गोष्टी सांगितल्या. सहा लिहून घेतल्या: वजन, तोंडाचा व्यास, तीन बटणं, तेल कुठे घालायचं, पाणी कुठून काढायचं, कर्ण्याला एक जुना डेंट. सातवी अशी होती की ह्याचा सा दुसऱ्या जागी हाये, वाजवणाऱ्याले बोटं नव्यानं शिका लागतीन. ही लिहिण्यासारखी वाटली नाही. ती नवशिक्यांसाठी आहे. आबांना बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ठरलं. फायबर. नऊ किलो म्हणजे फार हलका नाही, आबांना अपमान वाटणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फायबर रद्द. स्वप्नात आबा टाकीत होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काहीच ठरवायचं नाही असं ठरवलं. त्याने बरं वाटलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाचांकडे जाऊन तिसरा बाजा तिथेच आहे ना, एवढं पाहून आले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तिथेच आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनतेरस

घेतला. धनतेरसला पितळ घेतातच, त्यामुळे हा निर्णय घाईचा म्हणता येणार नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या नमुन्यांच्या खोलीत लपवला. आईने विचारलं, भांडं आणलं काय वं? म्हटलं, आणलं. केवढं? म्हटलं, बरंच मोठं आहे, पाडव्याला दाखवते.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी आबांना ओवाळलं आणि बाजा समोर ठेवला.

आबा बराच वेळ बाज्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग आईकडे. आई उठून स्वयंपाकघरात गेली. आनंदाने माणसाला बोलता येत नाही ते असं.

थोड्या वेळाने म्हणाले, पुष्पे, तुले एक सांगाचं होतं. मी म्हटलं, आधी वाजवा, मी चहा ठेवते.

नवरदेव निघताना वाजवतात ते नेहमीचं गाणं त्यांनी वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक स्वर चुकला नाही. बोटं जशीच्या तशी. चाचांची सातवी सूचना निराधार होती हे सिद्ध झालं. बरं झालं लिहिली नाही. (दहा दिवसांपूर्वीच्या नोंदीत लिहिलेली दिसते. असू दे.)

आई म्हणाली, आवाज वरून येऊन राह्यला वाटते. मी समजावलं की लोटा आणि घागर यांचा आवाज सारखा कसा येईल? आई म्हणाली, हाव बाई, तूच शिकलेली.

गाणं संपल्यावर आबा खाटेवर आडवे झाले. बाजा हलका असल्यामुळे लवकर वाजवून झालं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आबा रोज एकदाच वाजवतात. बटणं अडकू नयेत म्हणून संध्याकाळी मी पाच मिनिटं नुसतं फुंकते. देखभाल म्हणून. लहानपणी आबांनी मोठ्या बाज्यात फुंकायला शिकवलं होतं, ते अजून जमतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

देखभाल चाळीस मिनिटं झाली. बटणांना गरज होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

राजकुमारदादाच्या दुकानात गेले. शांतपणे आणि ठामपणे बोलायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ केली होती. म्हटलं, रविवारच्या रिहर्सलला आबा येणार आहेत, नवीन हलका बाजा घेऊन.

राजकुमारदादा माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, काका येऊन राह्यले? खरंच? त्याहिनं सांगतलं काय असं?

त्याच्या चेहऱ्यावर शरम स्पष्ट दिसत होती. मी विजय दाखवला नाही. म्हटलं, हो, आता वजनाचा प्रश्नच उरलेला नाही. तो म्हणाला, वजनाचा? म्हटलं, तुला कळतंय मी काय म्हणते ते. तो म्हणाला, नाही, पण येऊ दे. काका आले तं बरंच हाये. दुसरा बेसवाला सापडून नाही राह्यला.

सापडत नाही म्हणे. आधी काढायचं आणि मग शोधायचं.

घरी येऊन आबांना सांगितलं की राजकुमारदादाने तुम्हाला रविवारी आग्रहाने बोलावलं आहे. आबांनी विचारलं, त्यानं बोलावलं? म्हटलं, हो. हेही पूर्ण खरं नाही. पण आता थोडंच राहिलं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी

दुकानासमोर रिहर्सल झाली. सगळे सतरा जण, आणि आबा. रस्त्यावर पंचवीसतीस माणसं जमली होती. वच्छलाबाई खुर्ची घेऊन आल्या होत्या.

ढोलाने ठेका दिला. आबांनी सुरुवात केली. छान. मग वरून इंद्रभानचं क्लॅरोनेट आलं, त्यामागून बाकीचे.

कसं वाटलं ते लिहिते. एकाच अरुंद रस्त्यात दोन वराती समोरासमोर आल्या आहेत आणि दोघीही मागे हटत नाहीत, तसं. आबा आपल्या जागी अगदी बरोबर. बाकीचे आपल्या जागी बरोबर. एकत्र ऐकताना दात दुखत होते.

राजकुमारदादाने थांबवलं. पुन्हा सुरू. पुन्हा तेच. माझा कान पक्का असल्यामुळे मी पुढे होऊन सांगितलं की क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पट्टी ओली झाली आहे. इंद्रभानने पट्टी बदलली. पुन्हा तेच. दुसरी बदलायला लावली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ताई, माही पट्टी बिघडली असन, मान्य. ह्या बाकी सोळा जणायची बी बिघडली काय?

लोक हसले. आबाही हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि ते पायरीवर बसले.

मग समोरच्या आपल्या दुकानातून फकीर मोहम्मद चाचा आले. त्यांनी आबांच्या हातातून बाजा घेतला, कुठलंही बटण न दाबता एक स्वर फुंकला, आणि दुकानात ठेवलेल्या आबांच्या मोठ्या बाज्यावर तसाच न दाबता दुसरा. दोन्ही वेगळे. म्हणजे आबा जुन्या बोटांनी वाजवतात तेव्हा संपूर्ण गाणंच चार स्वर वर चढतं. सगळंच सारखं चढतं म्हणून घरी एकटे वाजवताना कुणालाच कळत नाही. चाचा म्हणाले, पोरीले सांगतलं होतं मी. बारा तारखेले.

घरी येऊन बारा तारखेची नोंद पाहिली. सांगितलं होतं.

आई म्हणते तिलाही कळलं होतं, आवाज वरून येतोय असं ती म्हणाली होती. तेही नोंदीत आहे. नोंदी फार नीट ठेवायची सवय कधीकधी त्रासदायक ठरते.

१० नोव्हेंबर, सोमवार

खचायचं नाही. प्रश्न बोटांचा आहे, बोटं दहा आहेत, त्यातली फक्त तीन लागतात. पहिलं लग्न रविवारी ३० तारखेला, इथेच मलकापुरात. वीस दिवस. बाज्याच्या पेटीत नव्या बोटांचा तक्ता चिकटवलेला आहे. मी आधी शिकायचं आणि रोज संध्याकाळी सहा ते सात आबांना शिकवायचं. वेळापत्रक करून खाटेच्या वर लावलं.

आबांनी ते चष्मा लावून वाचलं. म्हणाले, बरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आबांची प्रगती मंद. माझी तयारी पूर्ण.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आबा म्हणतात, पाह्यल्याशिवाय मले समजत नाही, तू वाजवून दाखव. मी दाखवते. ते डोळे मिटून मांडीवर ठेका धरतात. डोळे मिटल्यावर बोटं दिसणार कशी, असं विचारलं. म्हणाले, तू चालू दे.

आज पूर्ण गाणं चार वेळा वाजवून दाखवावं लागलं. मध्येच थांबवून म्हणाले की गालातून नको काढू, पोटातून काढ. गाल फुगवले तं फुगा, पोट फुगवलं तं बाजा. म्हणजे शिकवणाऱ्यालाच शिकवायला लागले. वयाप्रमाणे होतं असं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वच्छलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, काल तूच वाजवून राह्यली होती ना वं? आमची सून भाकर थापता थापता ठेका धरून होती. एक भाकर करपली.

मी स्पष्ट केलं की मी वाजवत नाही. दाखवते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आबांनी आज बाजा हातात घेतलाच नाही. म्हणाले, उद्या. मी दीड तास दाखवलं.

दहा दिवस राहिले. यादीत अजून आबांचं नाव नाही. रविवारी राजकुमारदादाला जाऊन जाब विचारणार. आतापर्यंत मी संयम ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दुकानात गेले. उभ्याउभ्याच विचारलं की बेचाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाचं नाव न सांगता काढताना तुला काही वाटलं नाही का?

राजकुमारदादा ढोलाची दोरी ओढत होता. ओढायचा थांबला. म्हणाला, मी काढीन काय वं निवृत्तीकाकाले? नवरात्रात तेच आले होते. त्या खुर्चीवर बसले, चहा पेले, आन् माह्याच पेनानं आपलं नाव खोडून गेले. म्हणे दुसरा पाहा. मी दोन घंटे समजावलं. मंग तू येऊन सांगते का ते येऊन राह्यले. मले वाटलं, मन बदललं असन.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तू विचारलंच नाही.

घरी आले. आबा अंगणात पान लावत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, जाऊन आली?

मग त्यांनी सांगितलं. लिहून ठेवते, कारण मी मध्ये बोलले नाही असं हे पहिलंच संभाषण.

म्हणाले की खांद्याले काहीच नाही झालं, पुष्पे. दम पुरत नाही. मागल्या मे महिन्यात संग्रामपूरच्या वरातीत शेवटचा अर्धा घंटा मी नुसतीच बटनं दाबत होतो. फुंकलंच नाही. कोणाले समजलं नाही.

मी म्हटलं, त्या वरातीत मी तर तुमच्या मागेच चालत होते. ते म्हणाले, हाव, तुले बी नाही समजलं.

विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, सांगाले आलो का तू चहा ठेवाले जाते.

विचारलं, मग नवीन बाजा घेऊन रिहर्सलला का आलात? म्हणाले, तू धनतेरसचं पितळ आणलं. मंग वाजवल्याशिवाय कसं राहीन?

मग म्हणाले, बेचाळीस वर्षं मी वरातीच्या आतच रायलो. कानापाशी सदा आपलाच घुं घुं. पूर्ण बँड समोरून येते तं कसा वाजते, मले माहीत नाही. यंदा मांडवाच्या दाराशी उभा राहीन आन् आयकीन, एवढंच मनात होतं.

त्यांनी पान तोंडात टाकलं.  मी चहा ठेवला नाही.

वजनाचा प्रश्न नव्हताच हे आज समजलं. चौदा किलो हा आकडा मात्र बरोबर आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाजा परत करायला चाचांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, घेतो. पन पहिले वाजवून दाखव, कुठं गळत तं नाही ना. पूर्ण गाणं वाजवलं. समोरून राजकुमारदादा आला. चाचा त्याला म्हणाले, कुठंच गळत नाही.

बाजा परत घरी आणला. चाचांच्या दुकानात जागा नव्हती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

राजकुमारदादाने घरी शिंप्याला पाठवलं. यादीत अठरावं नाव लिहिलं आहे म्हणे: पुष्पांजली. मला न विचारता. मी नकार देणारच होते. पण शिंपी भर उन्हात सायकलवर आला होता, म्हणून फक्त माप दिलं. माप देणं म्हणजे होकार नव्हे. शिंप्याने विचारलं, कंबर थोडी सैल ठेवू काय? म्हटलं, हो, श्वास घेता आला पाहिजे.

आई म्हणाली, बापाले एकदाचं विचार, जाऊ काय म्हणून. मी म्हटलं, जाणारच नाही तर विचारायचं कशाला?

२६ नोव्हेंबर, बुधवार

रिहर्सल. माणसं कमी होती म्हणून गेले. सगळ्यांच्या मधोमध उभं राहिलं की पायाखालची फरशी थरथरते, हे नोंदवण्यासारखं आहे. इंद्रभानने पट्टी एकदाही बदलली नाही.

राजकुमारदादाला म्हटलं, समज, मी नाही आले तर? म्हणाला, मंग डब्यातला बेस लावू, गाडीवर स्पीकर ठेवून. आबा बाकावर बसले होते. पानाला चुना लावता लावता त्यांचा हात थांबला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ५.४०

रात्रभर विचार करून निर्णय घेतला आहे. नाही म्हणायचं.

कारणं. सतरा पुरुषांत मी एकटी. जिनिंगचा हंगाम भरात आहे. आणि मुख्य म्हणजे बाजा मी आबांसाठी घेतला. तोच मी वाजवला तर लोक म्हणतील, हिने स्वतःसाठीच घेतला होता. हा आरोप मला सहन होणार नाही, कारण तो खोटा आहे. ही नोंदवही साक्षीला आहे.

आज सांगितलं तर दोन दिवसांत राजकुमारदादाला दुसरा माणूस मिळणार नाही. हा त्याच्यावर अन्याय होईल. उद्या सांगितलं तर ड्रेस वाया जाईल, तो कालच आला. (बसतो. बाह्या बरोबर आहेत. आबांनी खांद्याची पट्टी स्वतः लावून दिली आणि मागे सरकून पाहिलं.) लग्नाच्या दिवशी सकाळी सांगणं म्हणजे तर दगाच.

म्हणून रविवार, ३० नोव्हेंबर. वरात पाचला निघेल. सव्वासातला मांडवाच्या दाराशी पोचेल. आबा दुपारपासूनच तिथे जाऊन उभे राहणार आहेत, जागा मिळावी म्हणून. तिथेच, त्यांच्यासमोर, राजकुमारदादाला स्पष्ट सांगायचं की हे पहिलं आणि शेवटचं.

सव्वासातला बाजा तोंडाला असेल, बोलता येणार नाही. साडेसातला सांगेन.